धुतलेली पानं

"अळ्या कोणी काढल्या?"

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या चपलांचा चिखल नुकत्याच पुसलेल्या फरशीवर उतरत होता, आणि एरवी एवढ्यावरून आईने घर डोक्यावर घेतलं असतं. आज ती ओट्याकडे तोंड करून कांदे सोलत राहिली.

"कसल्या अळ्या?" थोरल्याने विचारलं. तो टेबलाशी चहा पीत बसला होता.

"माझ्या."

"वा! म्हणजे आता हिच्या अळ्यासुद्धा आपणच सांभाळायच्या."

"दादा, थट्टा नको. काल संध्याकाळी रुईवर होत्या, माकडलिंबावर होत्या, कढीपत्ता तर नुसता लगडला होता. आज एक नाही. खाल्लेली पानंसुद्धा कुणीतरी खुडून टाकलीत आणि वर रोपं धुऊन ठेवलीत."

"पक्ष्यांनी खाल्ल्या असतील."

"पक्षी साबण लावतात? वास येतोय अजून."

वहिनीला हसू आलं, पण धाकटीचा चेहरा बघून तिने ते चहाबरोबर गिळलं.

बाहेरच्या माणसाला वाटेल, चार अळ्या गेल्या तर एवढं आभाळ कोसळल्यासारखं काय करायचं? पण हे घर नर्सरीवाल्यांचं. घराच्या तिन्ही बाजूंनी रोपं, काळ्या पिशव्या आणि हिरव्या जाळीच्या शेड. आजोबांनी सुरू केलेला धंदा वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, वाढवला आणि थोरला तो कसाबसा ओढत होता. या घरात पोर चालायला लागलं की आधी पानाखालची अळी ओळखायला शिकतं आणि मग चिमटीत धरायला. भोक पडलेलं पान दिसलं की इथल्या माणसाचा हात आपोआप पुढे जातो. अशा घरात धाकटीने मागच्या पट्ट्यात मुद्दाम अळ्या पाळल्या होत्या. ही धाकटी लग्न मोडून दोन बॅगा घेऊन परत आली होती. तेव्हापासून ती राहत होती, पण पाहुण्यासारखी. कपाट अर्धंच वापरायची.

तिचं म्हणणं साधं होतं. लोकांना बागेत फुलपाखरं हवी असतात. मग ते नर्सरीत येतात, रंगीबेरंगी फुलझाडं नेतात, आणि फुलपाखरं येतात, बसतात, जातात. टिकत नाहीत. कारण फूल हे त्यांचं हॉटेल. घर वेगळंच. ज्या त्या फुलपाखराचं अंडी घालायचं झाड ठरलेलं असतं, आणि ती झाडं इथल्याच मातीतली असतात. रुईवर एक येतं, बहाव्यावर दुसरं, माकडलिंबावर तिसरं. शोभेची म्हणून बाहेरून आणलेली झाडं त्यांच्या पिल्लांच्या तोंडालाही लागत नाहीत. तेव्हा मागच्या पट्ट्यात आपण ही आपली झाडं वाढवू आणि विकू.

"रुई विकणार?" थोरल्याने तेव्हा विचारलं होतं. "पडीक जागेत फुकट उगवते ती रुई? उद्या गवत विक!"

आणि त्या पट्ट्यावर फरशीवाल्याचा डोळा होता. रस्त्यापलीकडे त्याचं फरश्यांचं दुकान. त्याला गोदामाला जागा हवी होती आणि थोरला द्यायला तयार होता. शेवटी अप्पा म्हणाले, मी डोळ्यांनी बघेन आणि मग ठरवेन. गुडघे धरल्यापासून ते मागे फिरकले नव्हते. आज ते बघणार होते आणि दुपारच्या आत फरशीवाला उत्तर घ्यायला येणार होता. पट्टा गेला, तर धाकटी दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या बागेत नोकरी धरणार होती. तिथे उद्या कळवायचं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कोणी बोलत नव्हतं.

"अप्पांना मी आज अळ्या दाखवणार होते," धाकटी म्हणाली. "माझ्या सगळ्या म्हणण्याचा पुरावाच तो होता. आता काय दाखवू? धुतलेली पानं?" मग ती थोरल्याकडे वळली. "सरळ सांगायचंस ना, पट्टा हवाय म्हणून."

"मी?" थोरल्याने कप आपटला. "मी काढल्या?"

"मग कोणाला गोदाम हवंय?"

"अगं, मीच माणसांना बजावलंय, मागे फवारणीचा पंप घेऊन जायचं नाही म्हणून! विचार कोणालाही!"

"बजावायला काय जातंय," वहिनी म्हणाली.

थोरला बायकोकडे बघतच राहिला. नवऱ्याची बाजू घ्यायची वेळ आली की वहिनीला नेमकं खरं बोलायची हुक्की येते, हा त्याचा जुना अनुभव. पण आज तर ती खरंही बोलत नव्हती.

"तू पण?" तो म्हणाला.

"मी काही म्हणत नाही. पण कालच तुम्ही त्या फरशीवाल्याला म्हणालात ना, काळजी करू नका, सगळं साफ करून देतो?"

"जागा साफ करून देतो म्हणालो! अळ्या नाही!"

वहिनीला खरं म्हणजे स्वतःचंच कळत नव्हतं. ती धाकटीच्या बाजूने होती, असं तिला वाटायचं. ही पोरगी घरात आल्यापासून संध्याकाळी बोलायला माणूस मिळालं होतं. पण परवा धाकटी नोकरीचं सांगत होती, तेव्हा वहिनीच्या मनात आधी आलं होतं ते हे, की वरची खोली मोकळी होईल. त्या विचाराची तिला अजून लाज वाटत होती. म्हणून आज ती जरा जास्तच जोरात धाकटीच्या बाजूने बोलत होती, आणि बिचारा थोरला फुकटचा मार खात होता.

"हे बघ," थोरला बहिणीला म्हणाला, "मला पट्टा हवाय. हो, हवाय. तोंडावर सांगतो. पण असलं चोरून काम मी करणार नाही. लहानपणी तुझी पेन्सिल घ्यायची असली तरी तुला रडवूनच घ्यायचो."

ते मात्र खरं होतं. धाकटी गोंधळली. इतका वेळ तिचा राग एका माणसावर नीट बसला होता, आता तो कुठे ठेवावा तिला समजेना.

"मग कोणी?" ती म्हणाली.

"मी," आई म्हणाली.

कांदा सोलून झाला होता. आईने तो ताटलीत ठेवला आणि दुसरा घेतला.

"उजाडल्यावर गेले. बादलीत साबणाचं पाणी केलं आणि सगळ्या त्यात टाकल्या. खराब पानं खुडली. रोपं पुसून घेतली."

"आई!"

"ओरडू नकोस. अप्पा बघणार होते ना? त्यांच्यापुढे ती तसली चाळण झालेली रोपं ठेवायची? ते काय म्हणाले असते? माझ्या पोरीला रोप वाढवता येत नाही, असंच ना? पाहुणे बघायला यायचे तेव्हा तुला विटकी साडी नेसवून उभं केलं होतं का मी कधी?"

थोरल्याने कपाळावर हात मारला. वहिनी यावेळी उघड हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कांद्याचं असेल.

धाकटी मात्र हसली नाही. ती आईजवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, तुला रोज सांगत होते मी. पान खाल्लेलं असणं हेच चांगलं. तू मान हलवायचीस. मागे येऊन बघायचीस. ती हिरवी अळी हात लावला की नारिंगी शिंगं काढते, ते तूच मला दाखवलंस. तुला सगळं कळत होतं."

"कळत होतं."

"मग? मी जावं म्हणून केलंस का?"

आईचा हात थांबला.

या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे असतं तर तिने दिलं असतं. ती काही लपवाछपवी करणारी बाई नव्हे. पहाटे डोळा उघडला तेव्हा तिच्या मनात एवढंच होतं की पोरीचं आज काहीतरी नीट व्हावं. बादली भरतानाही तेच होतं. पण पहिली अळी पाण्यात पडली तेव्हा तिला आठवलं, की धाकटीला या जिवंत हव्यात. आणि तरी दुसरी टाकली. का टाकली? पोरगी इथे राहिली तर म्हातारपणी आपल्याला बरं, हे तिला माहीत होतं. आणि आपल्याला बरं म्हणून पोरीने या पिशव्यांत जन्म काढावा का, हेही तिला रोज रात्री छळायचं. हात मात्र चालत राहिले. या घरात हात माणसाला विचारत नाहीत.

"मला माहीत नाही गं," आई म्हणाली. "देवाशपथ माहीत नाही."

धाकटीने तोंड उघडलं, पण तेवढ्यात बाहेरून काठीचा आवाज आला आणि पाठोपाठ अप्पांची हाक.

"कोणी येतंय का, की मी एकटाच बघू?"

* * *

मागचा पट्टा म्हणजे शेडच्या पाठीमागे कुंपणापर्यंत गेलेली अरुंद जमीन. सगळे अप्पांच्या मागून एका ओळीत चालत गेले, कारण दोघं शेजारी चालतील एवढी वाटच नव्हती.

अप्पा कढीपत्त्यापाशी थांबले. पान उलटं करून पाहिलं. मग माकडलिंबाचं, मग बहाव्याचं. रुईचं जाड पान त्यांनी बोटांमध्ये धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"झक्क," अप्पा म्हणाले.

"काय?" थोरल्याने विचारलं.

"झक्क, म्हणालो. एक डाग नाही. एक अळी नाही. मला वाटलं होतं, ही शिकलीसवरलेली, फवारणार नाही, औषध घालणार नाही, नुसती पुस्तकी बडबड. इथे येऊन बघतो तर आपल्या पुढच्या शेडपेक्षा स्वच्छ! अरे थोरल्या, जरा शीक." ते धाकटीकडे वळले. किती दिवसांनी ते तिच्याकडे नीट बघत होते. "रुईला गिऱ्हाईक मिळेल की नाही, मला माहीत नाही. पण अशी रोपं ठेवणार असशील, तर पट्टा तुझा. येऊ दे त्या फरशीवाल्याला."

आईने पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

थोरला धाकटीच्या अगदी मागे उभा होता. त्याचं गोदाम डोळ्यांदेखत गेलं होतं, आणि त्याला राग यायला हवा होता. तो येईना. बहिणीने सगळ्यांसमोर चोर ठरवलं आणि मग आपण चोर नाही हे निघालं, त्या भरात तो एकदम उदार झाला होता. या माणसाचं हे असंच. त्याच्यावर खोटा आळ घ्या, मग त्याच्याकडून काहीही मागा.

"घे," तो तिच्या कानाशी कुजबुजला. "गप्प बस आणि घे."

"असं कसं?" पलीकडून वहिनी पुटपुटली. "खरं सांगायला नको?"

"तू मघाशी हिच्या बाजूने होतीस ना?"

"अजूनही आहे!"

"मग गप्प बस!"

"काय चाललंय मागे?" अप्पांनी विचारलं.

धाकटीला वाटलं, खरंच गप्प बसावं. जे हवं होतं ते मिळालं होतं. आता फक्त 'हो अप्पा' म्हणायचं. पण मग उद्या काय? उद्या पुन्हा फुलपाखरू येईल, अंडी घालेल, अळ्या होतील. म्हणजे अप्पा मागे यायच्या आधी दर वेळी आईने बादली घेऊन धावायचं? लग्नानंतर तिने पहिल्या वर्षी हेच केलं होतं. सगळं छान आहे असं सांगितलं, आणि मग ते छान सांभाळता सांभाळता जीव गेला.

"अप्पा," ती म्हणाली, "ही रोपं चांगली नाहीत."

"म्हणजे?"

"काल चांगली होती. काल यांची पानं खाल्लेली होती, अळ्या भरलेल्या होत्या. मी त्यासाठीच लावलीत ही. त्या अळ्या मोठ्या होऊन फुलपाखरं व्हायची होती. आज सकाळी कोणीतरी त्या काढल्या."

"मी काढल्या," आई म्हणाली. "कोणीतरी कशाला?"

अप्पांनी रुईचं पान सोडलं. मग बायकोकडे पाहिलं, मग मुलीकडे, मग परत पानाकडे.

"थांब. खाल्लेलं पान चांगलं?"

"हो."

"आणि हे वाईट?"

"वाईट नाही, पण रिकामं. याचा फुलपाखरांना उपयोग नाही."

"गिऱ्हाईक घरी नेणार, चाळण झालेलं झाड, आणि त्याचे पैसे देणार?"

"ज्याला फुलपाखरं हवीत, तो देईल."

"फुलपाखरं झेंडूवरही येतात."

"येतात, अप्पा. पण झेंडूवर वाढत नाहीत."

अप्पा कुंपणाशेजारच्या सिमेंटच्या कठड्यावर बसले. त्यांना राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं, रागात ते पटकन ठरवायचे. लहानपणी वडिलांनी त्यांना पहिलं काम दिलं होतं ते अळ्या वेचायचं. जितक्या जास्त वेचल्या तितकी जास्त शाबासकी. आयुष्यभर त्यांनी पान स्वच्छ ठेवलं आणि त्यावरच ताठ मानेने जगले. आणि फुलपाखरं त्यांना आवडत होती हो! खुर्ची टाकून बघत बसायचे. अळी आणि फुलपाखरू एकच, हे कळत असूनही त्यांनी ते कधी एकत्र आणलं नव्हतं.

"माझ्या हातून भोक पडलेलं पान कधी फाटकाबाहेर गेलं नाही," ते म्हणाले. "आणि आता तू म्हणतेस..." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "मला नाही कळत. अगदी खरं सांगतो. तुझं बरोबर असेल. पण मघाशी मी हो म्हणालो ते या पानांना बघून. आता ते हो धरायचं की नाही?"

"धरायचं," थोरला म्हणाला.

"नाही धरायचं," धाकटी म्हणाली.

"अगं बये, तू कोणाच्या बाजूने आहेस?" थोरला ओरडला.

त्याच वेळी शेडच्या कडेने फरशीवाला आला. हातात टेप, चेहऱ्यावर हसू. "अरे वा, सगळं घर जमलंय! म्हणजे ठरलं तर. मी मापं घेऊन टाकतो, तुमचं चालू द्या." आणि त्याने खरंच टेपचं टोक कुंपणाच्या खांबाला अडकवलं.

कोणीच त्याला थांबवेना. अप्पा थोरल्याकडे बघत होते, थोरला अप्पांकडे, वहिनी जमिनीकडे. धाकटीला वाटलं, संपलं. आता वर जायचं, फोन करायचा आणि बॅगा काढायच्या. गंमत म्हणजे जीव जरा हलकाच झाला. पट्टा नाही मिळाला, म्हणून गेले. कोणी विचारलं तर सांगायला सोपं होतं.

"टेप काढा," आई म्हणाली.

परक्या माणसापुढे धंद्याच्या गोष्टीत आई बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं. फरशीवाल्यालाही नसावं. त्याने आधी अप्पांकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे काय बघता? त्यांना कळत नाहीये, आत्ताच म्हणाले. जागा द्यायची नाही. तुम्ही दुसरीकडे बघा."

"अहो पण काकू, आपलं बोलणं..."

"बोलणं याच्याशी झालं असेल. माझ्याशी नाही."

फरशीवाल्याने टेप काढली. ती सर्रकन आत गेली.

"आई, तू माझ्यासाठी..." धाकटी बोलायला लागली.

"तुझ्यासाठी नाही," आई म्हणाली. "ऐक. पट्टा राहिला. कोणी घेतलेला नाही. अळ्या मी काढल्या, त्या परत येतील. आता तुला जायचं असेल, तर जायचं म्हणून जा. पट्टा नाही दिला म्हणून गेले, असं मला ऐकायचं नाही. आणि राहायचं असेल तरी रोपांच्या नावाने राहू नकोस. मी सकाळपासून डोकं फोडून घेतेय, ही राहावी की जावी. माझ्याच्याने नाही होत. तुझं तू सांग."

सगळे तिच्याकडे बघत होते. फरशीवालासुद्धा. त्याने खरं तर जायला हवं होतं, पण असं काही फुकटात बघायला मिळत असताना कोण जातं?

धाकटीच्या लक्षात आलं, की हा प्रश्न तिला कोणी विचारलेलाच नाही. लग्न ठरलं तेव्हा पसंत आहे ना विचारलं होतं. परत आली तेव्हा किती दिवस राहणार, ते विचारलं होतं. आणि तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं. नोकरी चांगली होती, शहर चांगलं होतं, तिथे तिच्या अळ्यांना कोणी साबण लावला नसता. इथे दादा रोज भांडणार, वहिनी आज इकडे उद्या तिकडे, अप्पांना समजायला अजून वर्ष लागणार. हिशोब केला तर जाणंच बरोबर होतं. तिने तो दोनदा करून पाहिला, आणि दोन्ही वेळा तिला रडू आलं.

"बोल ना गं," थोरला म्हणाला. इतक्या हळू आवाजात तो कधी बोलत नसे.

"मला राहायचंय," धाकटी म्हणाली. मग नाक पुसून जरा मोठ्याने म्हणाली, "पट्टा द्या नाहीतर नका देऊ. मला इथे राहायचंय."

आईने मुठीतला पदर सोडला.

"नक्की?"

"नक्की नाही गं," धाकटी म्हणाली. "पण राहायचंय."